नव्या चिपवर यू-बूट चढवायचं, तर उलट्या टोकाने

यू-बूट म्हणजे बोर्डाला वीज दिल्यावर हार्डवेअर तयार करून लिनक्स चढवणारा मुक्त सोर्सचा बूटलोडर. नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत काम करणाऱ्या, पूर्वी माझ्याकडे इंटर्नशिप केलेल्या मुलाचा प्रश्न असा: "सर, आमच्या नव्या कंट्रोलर बोर्डावर चार कॉर्टेक्स-ए५५ कोअरची एक अगदी नवी एसओसी (प्रोसेसर आणि बाकी ब्लॉक एकाच चिपमध्ये) आहे. त्याच फॅमिलीतल्या आणखी दोन चिप पुढे येणार म्हणतात. विक्रेत्याने चिपसोबत दिलेलं यू-बूट २०१७ च्या आवृत्तीवरून फोडलेलं, म्हणजे वेगळी प्रत काढून बदललेलं आहे. आमचे साहेब म्हणतात, मूळ यू-बूटमध्येच हिचा सपोर्ट टाका. मी कुठून सुरू करू, आणि साहेबांना किती दिवस सांगू?"

दिवसांचं मागाहून बघू. ते आत्ताच सांगितलं तर तू बाकीचं वाचणार नाहीस.

पहिलं म्हणजे घाबरू नकोस. नवी चिप म्हणतात ती फारशी नवी नसते. डबा नवा, आतलं पीठ ओळखीच्याच गिरणीचं. युआर्ट (सिरियल पोर्ट), एसडी कार्डाचा कंट्रोलर, इथरनेट, यूएसबी, आयटूसी, वॉचडॉग (बोर्ड अडकला की रिसेट करणारा टायमर) हे ब्लॉक चिप बनवणारे सहसा स्वतः रांधत बसत नाहीत. सिनॉप्सिस, केडन्स, आर्म यांच्याकडून विकत घेतात आणि आपल्या बसवर बसवतात. मॅन्युअलमध्ये मात्र त्यांना स्वतःचीच नावं देतात, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं सगळं नव्याने लिहायचं आहे. एक गंमत सांगतो. सिनॉप्सिसच्या डिझाइनवेअर युआर्टमध्ये रजिस्टरांच्या शेवटाला एक ओळखीचं रजिस्टर बहुतेकदा असतं. ते वाच. वरचे दोन बाइट हेक्समध्ये ४४ आणि ५७ आले, तर आस्कीत ते 'डी' आणि 'डब्ल्यू' आहेत. बारसं कुणी काहीही केलेलं असो, आडनाव सापडलं. त्यांच्या आयटूसी ब्लॉकमध्येही असंच असतं.

म्हणून पहिले दोन-तीन दिवस कोडला हात लावू नकोस. मॅन्युअल उघड, एका कागदावर ब्लॉकची यादी कर, आणि प्रत्येकाच्या रजिस्टरांचे ऑफसेट यू-बूटच्या 'ड्रायव्हर्स' फोल्डरमधल्या फाइलींशी ताडून बघ. १६५५० जातीचा युआर्ट, पीएल०११, डिझाइनवेअरचा एमएमसी, एसडीएचसीआय, केडन्सचा इथरनेट, डीडब्ल्यूसी३ यूएसबी, या सगळ्यांचे ड्रायव्हर तिथे आधीच आहेत आणि तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त घासले गेलेले आहेत. माझ्या अनुभवात यादीच्या शेवटी खरोखर नव्या अशा चार-पाचच गोष्टी उरतात: क्लॉकचं झाड, पिनमक्स (कुठल्या पिनेवर कुठला सिग्नल), रिसेट, डीरॅम, आणि बूट रॉमला (चिपमध्ये कोरलेल्या पहिल्या प्रोग्रामला) हवं असलेलं इमेजचं हेडर. तुझं काम तेवढंच आहे. तेवढंच म्हणजे थोडं नव्हे, पण त्याला काठ आहे.

दुसरं, विक्रेत्याचं ते २०१७ चं यू-बूट ओढत ओढत आजच्या आवृत्तीवर आणायचा मोह होईल. होऊ देऊ नकोस. मूळ यू-बूटच्या झाडात, म्हणजे सोर्स कोडमध्ये, तेव्हापासून फार बदल झाले. तेव्हा हेडर फाइलीत मॅक्रो म्हणून लिहायच्या सेटिंग एकेक करून केकॉन्फिगमध्ये, म्हणजे बिल्डच्या पर्यायांच्या यादीत, गेल्या. ड्रायव्हर मॉडेल, म्हणजे सगळ्या ड्रायव्हरांचा सामाईक सांगाडा, २०१४ मध्ये आलं खरं, पण त्याच्याशिवायच्या जुन्या वाटा नंतरच्या वर्षांत एकामागून एक बंद होत गेल्या. 'हा नोड रॅम येण्याआधीच लागेल' हे सांगणाऱ्या डिव्हाइस ट्रीतल्या (हार्डवेअरचं वर्णन करणाऱ्या फाइलीतल्या) खुणांची नावंसुद्धा २०२३ मध्ये बदलली. शिवाय विक्रेत्याच्या लोकांनी घाईत सामाईक कोडमध्ये जिथे तिथे हात घातलेला असतो. ते सगळं पुढे आणणं म्हणजे दुसऱ्याच्या उसनवारीचे हप्ते आपण फेडणं.

विक्रेत्याचं झाड टाकून मात्र देऊ नकोस. त्याला कोश समज. पीएलएल (क्लॉकचा वेग वाढवणारा ब्लॉक) चालू करताना कुठलं रजिस्टर आधी, मध्ये किती मायक्रोसेकंद थांबायचं, मॅन्युअलमध्ये 'राखीव' लिहिलेल्या कुठल्या बिटमध्ये एक लिहिलं नाही तर चिप उठतच नाही, हे फक्त तिथेच सापडतं. यू-बूट जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे, त्यामुळे तिथून आकडे आणि तुकडे घ्यायला हरकत नाही. फाइलीच्या माथ्यावरची कॉपीराइटची ओळ तेवढी पुसू नकोस. आणि विक्रेत्याने बायनरी देऊन सोर्स दिला नसेल, तर तो मागायचा तुम्हाला हक्क आहे. साहेबांना सांगून लेखी मागा. फोनवर 'हो हो पाठवतो' हेच उत्तर वर्षभर ऐकायला मिळतं.

आता मुद्द्याचं. बोर्डाला वीज दिली की गाडी अशी धावते: बूट रॉम, मग एसपीएल (रॅम उठवणारं छोटं यू-बूट), मग ट्रस्टेड फर्मवेअर (सुरक्षित कामं बघणारा थर), मग मुख्य यू-बूट, मग लिनक्स. नवखा माणूस याच क्रमाने लिहायला बसतो आणि तिथेच अडकतो. कारण एसपीएलच्या वेळी तुझ्या हातात काहीच नसतं. रॅम नाही, सिरियल नाही, पाय ठेवायला चिपच्या पोटातली इवलीशी एसरॅम. ऑलविनरच्या ए६४ वर एसपीएलला ३२ केबी मिळतात, तेवढ्यात संसार. तिथे काही चुकलं तर बोर्ड मुका बसतो, आणि चूक हेडरमध्ये आहे, क्लॉकमध्ये आहे की तुझ्या यूएसबी केबलमध्ये, हे कळायला मार्ग नाही.

म्हणून उलट्या टोकाने चल. विक्रेत्याचं एसपीएल आणि त्याचं यू-बूट बोर्डावर चालतंय ना? चालू दे. त्याने रॅम उठवलेली आहे, सिरियल लावलेली आहे, ट्रस्टेड फर्मवेअर जागेवर बसवलेलं आहे. तू फक्त मुख्य यू-बूट नव्या झाडातून बांध आणि विक्रेत्याच्या यू-बूटच्या प्रॉम्प्टवरून ते रॅममध्ये आणून चालव. यासाठी केकॉन्फिगमध्ये दोन सोयी आहेत. एकीने यू-बूटच्या माथ्यावर लिनक्स कर्नलसारखं हेडर लागतं, मग जुनं यू-बूट त्याला 'बूट-आय' हुकमाने कर्नल समजून उडी मारतं. दुसरीने ते कुठल्याही पत्त्यावरून चालतं, फक्त पत्ता ४ केबीच्या पटीत हवा. ही पळवाट नाही बरं. ॲपलच्या एम१ वर यू-बूट असंच एम१एन१ नावाच्या लोडरच्या मागून चालतं आणि तशाच रूपात मूळ झाडात आहे.

याचा फायदा असा, की एका वेळी एकच गोष्ट नवी असते. काही बिघडलं तर बिघाड तुझ्या कोडमध्येच आहे याची खात्री. तीच खात्री मिळवायला एरवी आठवडे जातात.

पहिला पडाव एका अक्षराचा. ड्रायव्हर मॉडेल, डिव्हाइस ट्री, क्लॉक, सगळं बाजूला ठेव. केकॉन्फिगमधलं 'डिबग युआर्ट' चालू कर, युआर्टचा पत्ता आणि क्लॉक थेट आकड्यांनी दे, आणि सुरुवातीच्या असेंब्लीतून एक अक्षर छापून बघ. ते दिसलं की अर्धं भांडण मिटलं. इथे एक हिशेब करून ठेव. युआर्टला २४ मेगाहर्ट्झ मिळत असतील तर ११५२०० बॉडसाठी (सिरियलचा वेग) भाजक येतो २४००००००, भागिले १६ गुणिले ११५२००, म्हणजे १३.०२. तेरा चालून जातो. पण काही चिपवाले, रॉकचिपसारखे, १५००००० चा बॉड ठेवतात, कारण तिथे भाजक नेमका १ येतो. आता बर्डीच्या बाजारातून आणलेल्या स्वस्त सीपी२१०२ चिपच्या यूएसबी-सिरियल केबलची झेप १ मेगाबिटपर्यंतच. म्हणजे बोर्ड व्यवस्थित बोलत असतो आणि तुला स्क्रीनवर कचरा दिसतो. माझे यात किती दिवस गेले ते विचारू नकोस. आणि केबल ३.३ व्होल्टची आहे की १.८ ची, हे जोडण्याआधी मीटरने बघ. नव्या चिपच्या पिना बऱ्याचदा १.८ च्या असतात आणि जळल्यावर धूरही दाखवत नाहीत.

अक्षर आलं पण नेमके काही सेकंद झाले की बोर्ड परत पहिल्यापासून सुरू होतो, असं झालं तर कोड चाळत बसू नकोस. तो वॉचडॉग आहे. आधीच्या टप्प्याने चालू करून सोडलेला असतो आणि तुझ्या यू-बूटला त्याचा पत्ता नसतो. रिसेटच्या वेळा घड्याळाने मोज. दर वेळी तेवढाच अवधी लागला तर संशयाला जागा नाही.

त्यानंतरच्या तीन खड्ड्यांत मी स्वतः पडलेलो आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

पहिला खड्डा: ६४-बिट आर्मवर एमएमयू (मेमरीचे पत्ते आणि प्रकार ठरवणारा भाग) सुरू होईपर्यंत सगळी मेमरी प्रोसेसरला उपकरणासारखी दिसते, आणि तशा मेमरीत वेड्यावाकड्या पत्त्यावरून चार किंवा आठ बाइट एकदम वाचले की तो तिथेच अपवाद फेकतो. तुझा कोड नंतर छान चालतो, आधी मरतो, आणि तू बिचारा कंपायलरला शिव्या देतोस.

दुसरा: यू-बूट सुरुवातीला जिथे चालतं तिथून स्वतःला उचलून रॅमच्या वरच्या टोकाला नेतं. हे स्थलांतर होण्याआधी बीएसएसमधल्या, म्हणजे सुरुवातीची किंमत न दिलेल्या ग्लोबल व्हेरिएबलमध्ये काही लिहायचं नसतं. का, तर इमेजच्या शेपटीला डिव्हाइस ट्री चिकटवलेला असतो आणि बीएसएसची जागा नेमकी त्याच्यावर येते. तू निरागसपणे एक झेंडा उभा करतोस आणि डिव्हाइस ट्रीचा एक नोड पुसला जातो. मला हा किडा दिसला तेव्हा लक्षण काय होतं? इथरनेट सापडत नव्हतं. सिरियल, एसडी कार्ड, सगळं ठीक. फक्त इथरनेट गायब. आणि मी चार दिवस इथरनेटचा ड्रायव्हर वाचत होतो. जेटॅग डिबगरने बघत असशील तर हेही ध्यानात ठेव, की स्थलांतरानंतर फंक्शनचे पत्ते बदलतात. 'बीडी-इन्फो' हुकूम नवा पत्ता सांगतो, तो डिबगरला देऊन चिन्हं पुन्हा चढवावी लागतात.

तिसरा: तुझ्या एसओसीच्या फोल्डरमध्ये एक मेमरी नकाशा लिहावा लागतो. कुठला पट्टा रॅम, कुठला उपकरणांचा. इथे सगळी रॅम एकाच ओळीत 'साधी मेमरी' म्हणून टाकून देऊ नकोस. ट्रस्टेड फर्मवेअरने रॅमचा एक कोपरा स्वतःसाठी कुलूपबंद केलेला असतो. तू तिथे कधीच वाचत नसलास तरी प्रोसेसर स्वतःच्या अंदाजाने पुढचं आधीच वाचायला जातो, आणि कुलपावर हात पडला की एरर येते. ती येते कुठेतरी भलतीकडे, दर वेळी वेगळ्या ओळीवर. वेगळ्या ओळीवर मरणारा कोड दिसला की आधी नकाशा बघ.

हे ओलांडलं की बाकीचं सरळ आहे. डिव्हाइस ट्रीत युआर्टला २४ मेगाहर्ट्झचं ठोकळेबाज क्लॉक दे, एमएमसी लाव, मग इथरनेट, आणि लिनक्स बूट करून दाखव. क्लॉकचा खरा ड्रायव्हर नंतर लिही. तोवर आधीच्या टप्प्याने जे क्लॉक लावून ठेवलेत त्यावरच चाल. लिनक्सचा लॉगिन प्रॉम्प्ट दिसला त्या दिवशी टीमला तर्री पोहे खाऊ घाल आणि साहेबांना दाखव. अर्धं काम झालेलं नाही, पण साहेबांना तसं वाटायला हरकत नाही.

आता एसपीएल. इथे पहिला प्रश्न बूट रॉमचा. तो चिपमध्ये कोरलेला, त्याला कुणी बदलू शकत नाही, आणि तो इमेज ठरलेल्या जागीच शोधतो. ऑलविनरचा एसडी कार्डावर ८ केबीवर बघतो, रॉकचिपचा ६४ व्या सेक्टरवर, म्हणजे ३२ केबीवर. एनएक्सपीच्या आय-एमएक्स६ चा १ केबीवर. ऑलविनरच्या जागेत एक गोची आहे: जीपीटी पार्टिशन टेबल कार्डाचे पहिले ३४ सेक्टर, म्हणजे १७ केबी खातो, आणि ८ केबी नेमके त्याच्या पोटात. त्यांच्या नंतरच्या चिप १२८ केबीवरही बघायला लागल्या. तुझ्या चिपची जागा कुठली आणि ती जीपीटीवर आदळते का, हे हार्डवेअरवाल्यांशी बोलण्याआधी तपास, नाहीतर कार्डाचा आराखडा उत्पादनाच्या आदल्या दिवशी बदलावा लागतो. हेडरमध्ये काय हवं हे मॅन्युअलमध्ये नसेल, तर विक्रेत्याच्या पॅकिंग टूलच्या आत जाऊनच बघावं लागेल. एक तयार इमेज घे, हेक्समध्ये उघड, एक बाइट बदल, चेकसम कुठे बदलतो ते बघ. दुपारभराचं काम आहे. मग इमेज बांधायचं काम यू-बूटच्या 'बिनमॅन' या टूलवर सोपव. स्वतःची शेल स्क्रिप्ट लिहिलीस तर मूळ झाडात कुणी घेणार नाही.

चिप यूएसबीवरून रॉममध्येच अडवता येते का, हेही बघ. ऑलविनरमध्ये त्याला फेल म्हणतात, रॉकचिपमध्ये मास्क रॉम. ही सोय असली की एसडी कार्ड काढ-घाल न करता एसपीएल थेट एसरॅममध्ये टाकून चालवता येतं. दिवसाला वीस प्रयोगांच्या जागी दोनशे होतात.

आणि मग डीरॅम. सगळ्या पोर्टचा वेळ इथे जातो, त्यामुळे इथे मी तुला शौर्य करू देणार नाही. रॅमच्या तारांची लांबी प्रत्येक बोर्डावर वेगळी, त्यामुळे प्रत्येक वेळी चालू होताना कंट्रोलर आणि रॅम एकमेकांचा सूर जुळवून घेतात. कुठल्या क्षणी वाचायचं, किती उशिरा लिहायचं. यालाच ट्रेनिंग म्हणतात. त्याचं फर्मवेअर बऱ्याचदा विक्रेत्याचं बायनरीच असतं. आय-एमएक्स८एम वर सिनॉप्सिसच्या फायचं (रॅमच्या तारांशी बोलणाऱ्या ब्लॉकचं) ट्रेनिंग फर्मवेअर असं वेगळ्या फाइलींत येतं, रॉकचिपच्या नव्या चिपवर डीडीआर सुरू करणारा आख्खा तुकडाच बायनरी मिळतो. तुझ्या विक्रेत्याने असं बायनरी दिलं असेल आणि त्याची पुढे वाटायची परवानगी लेखी असेल, तर पहिल्या खेपेला तेच वापर. बिनमॅनला 'ही फाइल बाहेरून येईल' असं सांगता येतं. तसा पर्याय दिला तर ती नसतानाही बिल्ड पूर्ण होतं, फक्त इमेज चालणार नाही असा इशारा मिळतो. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांना बायनरी आवडत नाही, मलाही नाही. पण आज चालणारं बायनरीसकट पोर्ट आणि दोन वर्षांनी येणारं शुद्ध पोर्ट, यातलं मी पहिलं घेतो. बायनरी काढून टाकायला नंतर कुणीतरी येतं. पण त्याला आधी चालणारं काहीतरी हवं असतं.

रॅम उठली म्हणून सुटलो असं समजू नकोस. यू-बूटमध्ये रॅमचा आकार पडताळणारं एक जुनं फंक्शन आहे. दोनच्या घातांच्या पत्त्यांवर वेगवेगळे आकडे लिहून ते परत वाचतं, आणि वरच्या पत्त्यावर लिहिलेलं खालच्या पत्त्यावर उमटलं तर समजतं की रॅम तिथेच संपली. २ जीबी लिहून १ जीबीची चिप बसवणारा पुरवठादार मला भेटलेला आहे, त्यामुळे ते फंक्शन मी कधी काढत नाही.

पण खरी परीक्षा नागपूरची आहे. काही वर्षांपूर्वी आमचा एक डीडीआर३ चा बोर्ड खांबावरच्या लोखंडी पेटीत लागायचा होता. ऑफिसच्या एसीमध्ये आठवडाभर अखंड चालला. मे महिन्यात बाहेर लावला आणि रोज दुपारी दोन ते चारच्या दरम्यान बोर्ड आपोआप रीस्टार्ट. संध्याकाळी शहाण्यासारखा चालतो. सगळ्यांनी वीजपुरवठ्यावर खापर फोडलं, दोनदा पॉवर सप्लाय बदलला. शेवटी पेटीत तापमापी ठेवली. बाहेर ४५, पण लोखंडी पेटीत उन्हाने आणि आतल्या उष्णतेने रॅम चिपचं आवरण ८५ च्या पुढे. डीडीआर३ चा नियम असा, की ८५ अंशांपर्यंत सरासरी दर ७.८ मायक्रोसेकंदांनी रिफ्रेश द्यायचा आणि त्यापुढे ३.९ ने, कारण गरम झालं की पेशीतला विद्युतभार लवकर गळतो. आमच्या कोडमधला आकडा मूल्यांकन बोर्डावरून जसाच्या तसा उचललेला होता. तो बोर्ड ज्या टेबलावर जन्मला तिथे ४५ अंश कुणी बघितलेले नसणार. एक रजिस्टर निम्मं केलं, रीस्टार्ट थांबले.

तुझ्याकडे एलपीडीडीआर४ आहे. त्यात रॅम स्वतःच एमआर४ नावाच्या रजिस्टरमधून सांगते की मला आता रिफ्रेश किती जलद हवा आहे. पण कंट्रोलरने ते अधूनमधून वाचायला हवं आणि त्याप्रमाणे वागायला हवं. तुझ्या सुरुवातीच्या कोडमध्ये ही सोय चालू आहे का, हे बघच. यू-बूटच्या 'एमटेस्ट'वर विसंबू नकोस, तो रॅमवर पुरेसा ताण टाकत नाही. लिनक्स चढवून चारही कोअरवर एकेक मेमटेस्टर लाव, बोर्डावर हेअर ड्रायर धर आणि रात्रभर सोड. हिवाळ्यात काम संपवलंस तर मेपर्यंत निकाल कळणार नाही, म्हणून हेअर ड्रायर.

ट्रस्टेड फर्मवेअरचं थोडक्यात. ते सगळ्यात वरच्या अधिकार पातळीवर बसतं आणि यू-बूटला एक पायरी खाली, ईएल२ वर सोडून देतं. लिनक्सने बाकीचे कोअर उठवायला सांगितले की उठवतं तेच. त्याचं पोर्ट नसेल तर लिनक्स येतं पण चारातला एकच कोअर कामाला लागतो. पहिल्या खेपेला विक्रेत्याचं फर्मवेअर चालवून घे, पण ते मूळ प्रकल्पातही जायला हवं हे साहेबांच्या कानावर घालून ठेव. तेही काम आहे आणि त्याचे दिवस वेगळे.

व्हीएनआयटी या इथल्या अभियांत्रिकी संस्थेतली मुलं विचारतात म्हणून जाता जाता: रिस्क-व्ही (आर्मऐवजीची खुली प्रोसेसर रचना) असतं तर इथे ट्रस्टेड फर्मवेअरच्या जागी ओपनएसबीआय आलं असतं, बाकी शिडी तीच. पण सी-डॅकच्या वेगा मालिकेतल्या थेजस३२ वर यू-बूट चढवायचा हट्ट करू नका. २५६ केबी एसरॅमची मायक्रोकंट्रोलर आहे ती. प्रोग्राम थेट चालवा, मध्ये दलाल कशाला.

फॅमिलीतल्या पुढच्या दोन चिपसाठी आत्तापासून सामाईक थर रचू नकोस. मॅन्युअलच्या पहिल्या पानावर तिघी बहिणी दिसतात, पण दुसरी चिप प्रत्यक्ष हातात आली की कळतं, पिनमक्स वेगळा, क्लॉकची क्रमवारी वेगळी, सारखा फक्त लोगो. फोल्डरचं नाव फॅमिलीचं ठेव, आत कोड आजच्या चिपपुरता लिही. दुसरी आली की जे खरंच जुळतं तेवढं बाहेर काढ.

शेवटी मूळ झाडात पाठवायचं. क्रम महत्त्वाचा आहे. डिव्हाइस ट्री आधी लिनक्समध्ये जाऊ दे. २०२४ पासून यू-बूटमध्ये लिनक्सच्या डिव्हाइस ट्रीची आख्खी प्रत ठेवलेली असते आणि नव्या बोर्डांनी तीच वापरावी अशी अपेक्षा असते. यू-बूटपुरतं जे जास्तीचं लागतं ते वेगळ्या छोट्या फाइलीत. तू यू-बूटसाठी स्वतःचा डिव्हाइस ट्री रचलास तर पहिल्याच उत्तरात तो परत येईल. पॅच छोटे कर: एकात एसओसीचा सांगाडा, एकात क्लॉक, एकात पिनमक्स, शेवटी बोर्ड, डेफकॉन्फिग (बोर्डाच्या ठरलेल्या सेटिंग) आणि बोर्ड कसा बूट करायचा याचं कागदपत्र. मधल्या कुठल्याही पॅचवर थांबलं तरी बिल्ड व्हायला हवं. प्रत्येकावर तुझी सही, पॅच तपासणारी चेकपॅच स्क्रिप्ट चालवून, मेंटेनरांच्या यादीत तुझं नाव. ते नाव लिहिताना विचार कर, कारण तीन वर्षांनी कुणाचा बोर्ड उठला नाही की तो तुलाच लिहिणार.

दर तीन महिन्यांनी, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये नवी आवृत्ती येते. आवृत्ती आल्यावर साधारण तीन आठवडे नवं कोड घ्यायचं दार उघडं असतं, नंतर फक्त दुरुस्त्या. म्हणजे दार बंद व्हायच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा पॅच पाठवलेस तर ते पुढच्या फेरीतच जाणार. आणि पहिल्या खेपेला सगळं स्वीकारलं जाणार नाही. माझी पहिली पॅचची मालिका पाचव्या आवृत्तीला गेली. नाव बदला, ही फाइल तोडा, हे आधीच दुसऱ्या ड्रायव्हरमध्ये आहे ते वापरा. त्यात तोलून-मापून बोलणं नसतं, पण राग धरू नकोस. बहुतेक वेळा ते बरोबर निघतात. २००० च्या आसपास पॉवरपीसीसाठी पीपीसीबूट म्हणून सुरू झालेलं, २००२ मध्ये यू-बूट झालेलं हे झाड इतक्या जातींच्या चिपवर टिकलंय ते कुणाचंही जसंच्या तसं न घेतल्यामुळेच.

आता दिवस. पहिलं अक्षर: चार दिवस, केबल बरोबर असेल तर. विक्रेत्याच्या एसपीएलमागून लिनक्सपर्यंत: तीन आठवडे. स्वतःचं एसपीएल, डीरॅमचं बायनरी घेऊन: आणखी एक महिना. डीरॅमचं कोड स्वतः लिहायचं असेल तर आकडा देऊच नकोस. मूळ झाडात विलीन व्हायला दोन फेऱ्या धर, म्हणजे सहा महिने, पण त्यात तुझं रोजचं काम फार नाही. उत्तरं देणं आणि वाट बघणं. साहेबांना दोन आकडे वेगळे सांग: बोर्ड आपल्या टेबलावर कधी चालेल, आणि मूळ झाडात कधी दिसेल. दोन्ही एकत्र सांगितले की ते फक्त छोटा लक्षात ठेवतात.

येत्या शनिवारी बोर्ड घेऊन त्रिमूर्ती नगरला ये. मॅन्युअलची छापील प्रत नको, रजिस्टरांचे तक्ते असलेली फाइल चालेल. विक्रेत्याची एक चालणारी एसडी कार्ड इमेज लागेल, आणि १.८ व्होल्टची केबल तुझी तूच आण. माझी गेल्या महिन्यात जळली.